कूलरचं तापमान सांगणारं फिंच : लिबपर्पलच्या स्क्रिप्टिंगबद्दल

स्क्रिप्टमधून चॅटवर संदेश पाठवायचेत, लिबपर्पल ही चॅटची लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) घेऊ का, असं मला वर्षातून दोन-तीनदा कोणी ना कोणी विचारतंच. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो आणि तरी निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून मला जे माहीत आहे ते एकदा नीट लिहून ठेवते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या कार्यालयात संगणकाचं सगळं काम माझ्याकडे आहे. आमच्या अकरा संकलन केंद्रांवर बल्क कूलर आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की ते चार अंशांपर्यंत खाली आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथंच धरून ठेवायचं, एवढं त्या यंत्राचं काम. लाईट गेली, जनरेटर लागला नाही आणि कोणाचं लक्ष नसलं, की उन्हाळ्यात काही तासांत सगळा कूलर नासतो. ते दूध गावातल्या पन्नास-साठ घरांचं असतं. कोणाची एक म्हैस, कोणाच्या दोन गाई. त्यामुळे हे काम माझ्यासाठी नुसतं संगणकाचं कधीच नव्हतं.

२०१५ साली आम्ही प्रत्येक कूलरला तापमानाचा लॉगर बसवला. दर पाच मिनिटांनी नोंद कार्यालयातल्या सर्व्हरवर येते. पण नोंद येऊन उपयोग काय, ती बघणार कोण? कार्यालयात आपसातल्या बोलण्यासाठी आमचा स्वतःचा एक्सएमपीपी (चॅटचा एक खुला प्रोटोकॉल) सर्व्हर आधीपासून होता, टेबलांवर पिजिन हा चॅटचा प्रोग्रॅम होता. केंद्रांवरच्या माणसांच्या फोनमध्ये कॉन्व्हर्सेशन्स हे अ‍ॅप टाकून दिलं. उरला एकच प्रश्न : लॉगरच्या स्क्रिप्टला या बोलण्यात भाग कसा घ्यायला लावायचा.

इथं लिबपर्पल आलं. पिजिन म्हणजे जुनं गेम, १९९८ पासूनचं. एओएल या अमेरिकन कंपनीबरोबरच्या नावाच्या वादात २००७ साली त्याचं पिजिन झालं, आणि त्याच्या पोटातली लायब्ररी, जिला तोवर लिबगेम म्हणायचे, तिचं नाव लिबपर्पल पडलं. खिडक्या-बटणं पिजिनची, खाती, मित्रयादी, संभाषणं, प्रोटोकॉल हे सगळं लिबपर्पलचं. त्याच लायब्ररीवर टर्मिनलमध्ये चालणारं फिंच उभं आहे आणि मॅकवरचं अ‍ॅडियमही. मी डेबियन सर्व्हरवर एका टीमक्सच्या (लॉगआउट केल्यावरही चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या) खिडकीत फिंच चालू ठेवते, त्यात एक खातं लॉगरचं. हे फिंच २०१६ पासून अखंड चालू आहे असं म्हटलं तरी चालेल. मेमरी थोडी खातं, तक्रार काही नाही.

लिबपर्पलमध्ये बाहेरून शिरायचे रस्ते तीन. सी भाषेत प्लगिन (प्रोग्रॅमला जोडायचा छोटा भाग) लिहा. पर्ल किंवा टीसीएलमध्ये प्लगिन लिहा. नाहीतर डी-बसवरून, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या यंत्रणेवरून, चालू प्रोग्रॅमला हाक मारा; पुढे तिला मी नुसतं 'बस'ही म्हणेन. टीसीएल मी कधी वापरलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

डी-बसचा रस्ता सगळ्यात सोपा वाटतो आणि सुरुवातीला तो खरंच सोपा आहे. पर्पल-रिमोट नावाची छोटी स्क्रिप्ट सोबतच येते. वेबच्या पत्त्यासारखी एक ओळ तिला दिली की ती चालू फिंचचं स्टेटस बदलते. माझा पहिला प्रयोग तोच होता. लॉगरच्या खात्याचं स्टेटसच 'सर्व कूलर ठीक' असं ठेवायचं आणि काही बिघडलं की ते बदलायचं. दोन ओळींत झालं. केंद्रावरच्या माणसाला फोन उघडल्यावर नावाखाली लगेच दिसायचं. आजही मी नवीन माणसाला हेच आधी करायला सांगते, कारण हात बसतो आणि काही मोडत नाही.

संदेश पाठवायचा म्हटलं की मात्र सी भाषेचा आतला सांगाडा समोर येतो. आधी खातं शोधा. त्या खात्यावर, त्या माणसाच्या नावानं संभाषण तयार करा, आणि प्रकार म्हणून १ हा आकडा द्या. १ म्हणजे दोघांमधलं, २ म्हणजे गटातलं. मग त्या संभाषणातून त्याचा दोघांपुरता भाग मागून घ्या. मग त्या भागाला संदेश द्या. एका वाक्यासाठी एवढ्या पायऱ्या. हे असं का, ते समजलं तेव्हा मला या लायब्ररीबद्दल आदरच वाटला. डी-बसचा हा थर २००५ च्या गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमातून आला, आणि तो हातानं लिहिलेला नाही. सोर्समध्ये एक पायथन स्क्रिप्ट आहे. ती लायब्ररीच्या हेडर फायली (फंक्शनांची नावं आणि पॅरामीटर जाहीर करणाऱ्या फायली) वाचते, प्रत्येक फंक्शनची जाहीर ओळ उचलते आणि तिच्यासाठी डी-बसचं वेष्टण, म्हणजे बसवरची हाक त्या फंक्शनपर्यंत नेणारा कोड, आपोआप तयार करते. नावातल्या खालच्या रेघा काढून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं की डी-बसवरचं नाव तयार. त्यामुळे लायब्ररीत जे आहे ते बहुतेक सगळं बाहेरून हाकेवर मिळतं, कोणी बसून निवड केलेली नाही. ज्यांना पॅरामीटर म्हणून दुसरं फंक्शन द्यावं लागतं अशी कामं तेवढी वगळली जातात, कारण बसवरून फंक्शन पाठवता येत नाही.

या पद्धतीमुळे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि माहितीपानांत त्या चटकन सापडत नाहीत. पहिली, रिकामी ओळ. सी भाषेत 'काहीच नाही' आणि 'रिकामा मजकूर' या वेगळ्या गोष्टी. डी-बसला 'काहीच नाही' पाठवता येत नाही. म्हणून हे वेष्टण रिकामा मजकूर आला की आत जाताना त्याचं 'काहीच नाही' करतं, आणि बाहेर येताना उलट. बहुतेक वेळा हेच हवं असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खातं, मित्र, संभाषण या सी भाषेतल्या पॉइंटरांना (मेमरीतल्या पत्त्यांना) बसवर एकेक साधा क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक फक्त तो प्रोग्रॅम चालू आहे तोवरच खरा. मी सुरुवातीला लॉगरच्या खात्याचा क्रमांक एका फायलीत लिहून ठेवला होता, दर वेळी शोधायला नको म्हणून. पुढे चाचणीसाठी आणखी एक खातं जोडलं, सर्व्हर बंद-चालू झाला, आणि तापमानाचे इशारे चाचणीच्या खात्यावरून जायला लागले. केंद्रावरच्या लोकांनी ओळखीचं नाव नाही म्हणून ते उघडलेच नाहीत. दोन दिवस कळलं नाही. क्रमांक साठवू नका, दर वेळी नावावरून खातं शोधा. शोधायला वेळ असा लागतच नाही.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीतून) चालवणार असाल तर हेही आत्ताच वाचून घ्या : क्रॉनच्या स्क्रिप्टला सेशन बसचा, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाच्या डी-बसचा, पत्ता माहीत नसतो. हातानं चालवली की नीट चालते, क्रॉनमधून 'चालू लिबपर्पल सापडत नाही' म्हणून परत येते. फिंच ज्या सेशनमध्ये सुरू केलं तिथला पत्त्याचा पर्यावरण-चल एका फायलीत लिहून ठेवायचा आणि क्रॉनच्या स्क्रिप्टनं आधी ती फाइल वाचायची. फिंच सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच मी ही ओळ टाकली आहे. आणि विंडोजवरच्या पिजिनमध्ये डी-बसचा हा रस्ता नाही, हेही पक्कं धरा.

येणारे संदेश ऐकण्याचं काम बसवरून छान होतं. संदेश आला की सिग्नल सुटतो आणि त्यासोबत खातं, पाठवणारा, मजकूर, संभाषण आणि काही खुणा येतात. माझी पायथन स्क्रिप्ट हा सिग्नल ऐकते. केंद्रावरून कोणी 'तापमान ४' असं लिहिलं की चौथ्या कूलरची शेवटची नोंद परत पाठवते. मजकूर एचटीएमएलच्या रूपात येतो हे मात्र विसरू नका. नव्या ओळीच्या जागी टॅग असतो, 'आणि'ची खूण (&) किंवा कोनकंस चार-पाच अक्षरांचे होऊन येतात. आधी ते सगळं साफ करायचं, मग शब्द तपासायचे.

मराठी आकड्यांचा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच दिवशी आला. फोनच्या कळफलकावरून कोणी '4' लिहितं, कोणी '४'. पायथनला देवनागरी आकडा थेट पूर्णांकात बदलता येतो, काही वेगळं करावं लागत नाही. हे मला माहीतच नव्हतं. करून बघितलं आणि चाललं, तेव्हा खुर्चीतून उठून दोघांना दाखवलं होतं. पर्लचं तसं नाही. पर्लच्या रेगेक्समध्ये (मजकूर जुळवून बघायच्या नमुन्यात) अंकाची खूण '४' ला अंक म्हणून ओळखते, पण त्याची बेरीज करायला गेलात की किंमत शून्य धरते. म्हणजे तपासणीतून अंक म्हणून पार होतो आणि हिशेबात शून्य होतो. पर्लमध्ये आधी देवनागरी आकड्यांच्या जागी साधे आकडे घालून घ्यायचे.

आता ज्या रात्रीमुळे मी ही लायब्ररी नुसती वापरायची सोडून तिच्यात भर घालायला लागले, ती रात्र. २०१७ चा एप्रिल. पहाटे पावणेतीनला एका केंद्रावर लाईट गेली. जनरेटर सुरू झाला नाही. तापमान सहावर गेलं, आठवर गेलं. स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं. लॉगमध्ये दर पाच मिनिटांनी 'इशारा पाठवला' अशी ओळ आहे. एकही इशारा कोणाला पोचला नाही, कारण त्या काळात फिंचचं खातंच सर्व्हरपासून तुटलेलं होतं. सकाळी साडेपाचला केंद्रावरचे मामा आले तेव्हा दूध गेलेलं होतं. ते मला फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, एक हाक आली असती तर मी चादर टाकून पळत आलो असतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तो दिवसभर काही सुचलं नाही.

चूक कुठं होती? लिबपर्पलचं संदेश पाठवणारं फंक्शन काहीच परत देत नाही. खातं जोडलेलं नसेल तर ते गुपचूप परत येतं. सीमध्ये प्लगिन लिहिणाऱ्याला हे हेडर बघताच कळतं, कारण तिथं परतावा 'व्हॉइड', म्हणजे काहीच नाही, असा लिहिलेला आहे. बसवरून हाक मारणाऱ्या स्क्रिप्टला मात्र हाक यशस्वी झाल्याचंच दिसतं. हाक यशस्वी, संदेश नाही. शिवाय, तुटलेलं खातं पुन्हा जोडायचं काम लायब्ररी स्वतः करत नाही, ते तिच्यावर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमचं. पिजिन आणि फिंच दोघंही आपापल्या परीनं थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतात. सोबत येणारा नलक्लायंट नावाचा नमुना प्रोग्रॅम ते करत नाही. त्यावरून स्वतःचं काही बांधणार असाल तर पुन्हा जोडणं तुम्हालाच लिहावं लागेल.

स्क्रिप्टमधूनच आधी खातं जोडलेलं आहे का ते विचारता आलं असतं. ते मी त्याच सकाळी टाकलं. पण विचारणं आणि पाठवणं या दोन वेगळ्या हाका, आणि त्यांच्यामध्ये खातं तुटू शकतं. मला एकच हाक हवी होती : या खात्यावरून, या माणसाला, हा मजकूर, आणि काय झालं ते सांग.

इथं या लायब्ररीची खरी खुबी कळते. हेडरवरून वेष्टण तयार करणारी ती पायथन स्क्रिप्ट फक्त लायब्ररीसाठी नाही, तुमच्या प्लगिनसाठीही चालते. तुमच्या फंक्शनच्या आधी निर्यातीची खूण लिहायची, स्क्रिप्ट चालवायची, तिनं तयार केलेली फाइल आपल्या सी फायलीत सामील करायची, आणि प्लगिन चढताना एका मॅक्रोनं ती बसवर नोंदवायची. सोर्समध्ये याचा एक नमुना प्लगिन आहे. मी तोच समोर ठेवून लिहिलं. माझं फंक्शन साठ ओळींचंही नाही. नाव आणि प्रोटोकॉलवरून खातं शोधायचं, ते जोडलेलं आहे का बघायचं, माणूस ऑनलाइन आहे का बघायचं, संभाषण घ्यायचं, पाठवायचं, आणि ० ते २ पैकी एक आकडा परत द्यायचा. ० म्हणजे खातंच तुटलंय. १ म्हणजे पाठवलं, पण माणूस ऑनलाइन नाही. २ म्हणजे पाठवलं आणि माणूस ऑनलाइन आहे. फिंचच्या प्लगिनच्या यादीत त्यावर खूण केली आणि डी-फीटमध्ये (बसवर काय काय आहे ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बसवरची यादी उघडली, तर लायब्ररीच्या शेकडो फंक्शनांच्या ओळीत माझं एक फंक्शन उभं होतं. त्यांच्यासारखंच नाव, त्यांच्यासारखेच पॅरामीटर. दुसऱ्याच्या घरात आपल्याला कोणी पाट मांडून द्यावा तसं वाटलं मला.

आता ० किंवा १ आला की स्क्रिप्ट चॅटवर थांबत नाही, जीएसएम मोडेमवरून एसएमएस टाकते. आणि २ आला तरी दहा मिनिटांत माणसाकडून 'पाहिलं' असं उत्तर आलं नाही तर कार्यालयातल्या रात्रपाळीच्या माणसाला कळवते. जोडणी आहे असं लायब्ररीला वाटत असताना पलीकडची तार आधीच मेलेली असू शकते. ते माणसाच्या उत्तराशिवाय कळत नाही.

दुसरं फंक्शन लिहिताना मी एक मोठी चूक केली. ती सांगते, कारण हे काम करणारा प्रत्येक जण तिथं अडकू शकतो. पत्त्यावरून माणसाचं यादीतलं नाव परत देणारं फंक्शन हवं होतं. लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन आहे, मी त्याचंच उत्तर पुढे दिलं. पण परताव्याचा प्रकार लिहिताना 'कॉन्स्ट' ('यात बदल करायचा नाही') हा शब्द गाळला. कंपायलरनं सूचना दिली होती. मी एक कास्ट (प्रकार जबरदस्तीनं बदलणारी खूण) टाकून ती गप्प केली. आणि वेष्टण तयार करणारी स्क्रिप्ट नेमकं त्याच शब्दावरून ठरवते की मजकुराची मेमरी कोणाची. 'कॉन्स्ट' असेल तर ती लायब्ररीची, हात लावायचा नाही. नसेल तर ती आपल्याला दिलेली, म्हणून बसवर उत्तर टाकल्यावर ती मोकळी करून टाकायची. म्हणजे मी नाव विचारायचे आणि माझं वेष्टण मित्रयादीतलं खरं नावच पुसून टाकायचं. पहिल्या दोन हाकांना बरोबर नाव आलं, तिसऱ्याला फिंच कोसळलं. दोन संध्याकाळी डीबगर लावून बसले होते. शेवटी एका शब्दानं काम झालं. या स्क्रिप्टसाठी हेडर म्हणजे करारनामा आहे. माणूस वाचताना जो शब्द नजरेआड करेल, तो ती शब्दशः पाळते.

पर्लचा रस्ता वेगळ्या कामाचा. बसवर सिग्नल ऐकता येतो, पण अडवता येत नाही. स्क्रिप्टला कळेपर्यंत संदेश पुढे गेलेला असतो. पर्लचं प्लगिन पिजिनच्या आतच चालतं. संदेश दाखवण्याआधी सुटणाऱ्या सिग्नलला त्यानं 'खरं' असं उत्तर दिलं की संदेश तिथंच थांबतो. आमच्या व्यवस्थापक साहेबांना दर अर्ध्या तासाच्या नोंदी त्यांच्या लिनक्सच्या यंत्रावर हव्या होत्या, पण सारख्या खिडक्या उघडायला नको होत्या. चाळीस ओळींचं पर्ल : लॉगरच्या खात्यावरून आलेला संदेश 'धोका' या शब्दानं सुरू होत नसेल तर तो फायलीत लिहायचा आणि थांबवायचा. वर प्लगिनच्या माहितीचा हॅश, त्यात एपीआयची आवृत्ती २, मग चढताना आणि उतरताना चालणारी दोन फंक्शनं, झालं. काही चुकलं तर मदतीच्या मेनूतल्या डीबगच्या खिडकीत पर्लची तक्रार जशीच्या तशी दिसते.

एक सावधगिरी. पर्ल पिजिनच्याच प्रक्रियेत चालतं, म्हणून त्यात दहा सेकंद झोपायला सांगितलंत तर अख्खं पिजिन दहा सेकंद गोठतं. लायब्ररीचा स्वतःचा टायमर वापरा. तो पर्लमधून सेकंदांत घेतो. सीमधला मिलिसेकंदांत घेतो, त्यामुळे सीमधलं उदाहरण बघून आकडा उचलू नका. पर्लच्या बाजूनं भर घालायची तर गोष्ट जड जाते. तिथली वेष्टणं एक्सएस फायलींमध्ये (पर्ल आणि सी जोडणाऱ्या फायलींमध्ये), प्रत्येक भागाची वेगळी, माणसांनी लिहिलेली आहेत. सरळ फंक्शन असेल तर दोन-तीन ओळींत जोडता येतं, पण त्यासाठी पर्लचा सगळा भाग पुन्हा बांधावा लागतो. बसवरचं माझं प्लगिन मी स्वतंत्र फाइल म्हणून ठेवते, डेबियननं लायब्ररी नवी केली तरी ते जागच्या जागी राहतं. भर घालण्याच्या बाबतीत मला डी-बस कितीतरी उजवा वाटतो.

देवनागरीबद्दल आणखी एक. लिबपर्पल आतून सगळं यूटीएफ-८ मध्ये ठेवतं आणि आमचे मराठी संदेश इतक्या वर्षांत त्याच्यामुळे एकदाही बिघडले नाहीत. बिघडले ते माझ्यामुळे. युनिकोड एसएमएस एका संदेशात ७० अक्षरांचा. म्हणून मी मजकूर ७० वर कापत होते, आणि पायथन २ मध्ये तो कापला जात होता बाइटवर. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, त्यामुळे शेवटचं चिन्ह अर्धवट राहायचं. तोच तुकडा चॅटवरही गेला तेव्हा डी-बसनं घ्यायलाच नकार दिला : बसवर अवैध यूटीएफ-८ चालत नाही. तिथं तो थांबला ते बरंच झालं. पुढे पायथन ३ वर आल्यावर बाइटांचा प्रश्न मिटला, पण मात्रा आणि अनुस्वार सुटी चिन्हं असल्यामुळे 'पाणी'चं 'पाण' आणि 'बंद'चं 'ब' व्हायला लागलं. इशाऱ्यात 'कूलर ब' असं वाचून रात्री दोनला माणूस गोंधळतो. आता मी शेवटच्या मोकळ्या जागेवर कापते, शब्द पुरा ठेवते.

माहितीपानं चांगली आहेत, विशेषतः सिग्नलांची. प्रत्येक सिग्नल कधी सुटतो, सोबत काय काय येतं, उत्तर दिलं तर काय होतं, हे खाती, मित्रयादी, संभाषणं असं विभागून लिहिलंय. मी छापून घेतलेली प्रत अजून टेबलाच्या खणात आहे. लायब्ररी जीपीएल या मुक्त परवान्याखाली, पैसे नाहीत. प्लगिन वाटायचं असेल तर तेही जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्याखाली द्या.

आता घ्यावं का, तर त्याचं उत्तर मी विचारणाऱ्यावरून देते. तुमच्याकडे पिजिन किंवा फिंच आधीच चालू आहे, आवृत्ती २ ची आहे, आणि तुम्हाला त्याला चार कामं शिकवायची आहेत, तर डोळे झाकून डी-बस घ्या. वरून आपलं एखादं छोटं फंक्शन जोडा, जे उत्तर देतं. एकाच बाजूनं अनेक प्रोटोकॉल बोलायचे असतील तरीही. एके काळी यासाठीच लोक ही लायब्ररी घ्यायचे. एओएलचं चॅट एआयएम २०१७ च्या डिसेंबरात आणि याहू मेसेंजर २०१८ च्या जुलैत बंद झाले, तेव्हा त्यातलं बरंचसं आकर्षण गेलं. पण नुसतं एक्सएमपीपी हवंय आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करताय, तर पायथनची स्लिक्सएमपीपी ही लायब्ररी घ्या. तिथं पोचपावतीची सोय आहे, आणि मला २०१७ मध्ये तीच हवी होती.

पुढचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पिजिन ३ ची घडण पूर्ण वेगळी आहे. लायब्ररी जीऑब्जेक्टवर (सी भाषेत ऑब्जेक्ट वापरायच्या पायावर) नव्यानं बांधली जातेय, इतर भाषांची जोडणी त्याच्याच जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनमधून आणि प्लगिन जीप्लगिन या लायब्ररीमधून. पर्ल, टीसीएल आणि हा डी-बसचा थर तिथं नाहीत. कल्पना मला पटते, कारण हेडर वाचणाऱ्या त्या स्क्रिप्टचंच काम तिथं मोठ्या आणि नीट यंत्रणेकडे गेलंय. मेमरी कोणाची हे 'कॉन्स्ट'वरून ओळखावं लागत नाही, फंक्शनच्या वरच्या टिपेत स्पष्ट लिहावं लागतं. पण आज तिच्या प्रायोगिक आवृत्त्याच मिळतात आणि माझी एकही स्क्रिप्ट तिच्यावर चालणार नाही. कूलरचं काम मी तिच्यावर ठेवणार नाही.

या फेब्रुवारीत बाराव्या केंद्रावर कूलर बसला. त्याचे इशारे मी स्लिक्सएमपीपीवर लिहिले, तेच ० ते २ चे आकडे ठेवून, आणि ३ हा एक नवा : फोनवर पोचल्याची पावती आली. जुनी अकरा केंद्रं उन्हाळा संपेपर्यंत फिंचवरच राहतील. ज्या केंद्रावर तेव्हा दूध गेलं, तिथले मामा आता निवृत्त झालेत. त्यांचा मुलगा कूलर बघतो, आणि रात्री इशारा गेला की दोन-तीन मिनिटांत त्याचं 'पाहिलं' येतं.